दीड ओळीची व्याख्या आणि वैनगंगेची रेती

बल्लारपूर

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चंद्रपूरच्या बाजूला कुणी हौसेने जात नाही. मलाही पाठवलं होतं. ऑगस्टात मी निवृत्त होणार होते, माझे गुडघे त्याच्या बरेच आधी झाले होते, आणि तिकीट हातात ठेवताना आमचे साहेब म्हणाले, "तुम्हाला फिरायला आवडतं ना?" हे त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

बल्लारपूरला उतरले तेव्हा सकाळचे साडेसातच वाजले होते, आणि फलाटाच्या लोखंडी बाकावर हात टेकवत नव्हता. हवेत कागदाच्या गिरणीचा वास होता, कोबी फार वेळ उकडत ठेवल्यासारखा. पाळी सुटलेले कामगार डबे हलवत सायकलींकडे आणि लुनांकडे चालले होते. त्यांच्यापैकी कुणाच्याही नाकाला काही होत नव्हतं. माझ्यासाठी आलेल्या जीपचे चालक शेंडेभाऊ मला बघून जरा निराश झाले. त्यांना 'संगणकाचे साहेब' येणार असं सांगितलं होतं, आणि समोर गुडघ्याला पट्टा बांधलेली, कापडी पिशवीवाली बाई उभी होती.

"तुमीच काय जी?"

"मीच."

"बरं. तर्री पोहे खाऊन घ्या पयले. मंग पुढं काई भेटन नाई."

पोह्यांवरच्या लाल तर्रीने माझे डोळे पाणावले. पुण्यात आम्ही पोह्यांवर खोबरं आणि लिंबू घेतो आणि त्याला चव म्हणतो. शेंडेभाऊंनी दुसरी तर्री मागवली, घाम पुसला आणि मला माझं काम विचारलं. मी सांगितलं, आणि सांगता सांगता नेहमीसारखी कंटाळले.

माझं काम शब्दांचं. तीस वर्षं सरकारी मजकुराचा अनुवाद करते आहे. शेवटची दोन वर्षं मला एका समितीवर नेमलं होतं. राज्यकारभार आता संगणकावर जाणार, तेव्हा धोरणं त्या युगाला शोभतील अशी हवीत, आणि त्यासाठी आधी त्यातल्या मुख्य संज्ञा मराठीत पक्क्या हव्यात, असं ठरलं. चौसष्ट संज्ञा होत्या. लाभार्थी, संमती, विदा, हितसंबंधी, निवासी कुटुंब. 'आंतरपरिचालनक्षमता' हा शब्द आम्ही तीन बैठका घेऊन जन्माला घातला आणि तो एका दमात म्हणता येतो का, हे बघायला चौथी घेतली. समितीत चहा उत्तम असे. प्रत्येक संज्ञेची सोपी व्याख्या मी लिहायची, आणि ती संगणकाच्या पडद्यावर त्या शब्दाखाली दिसायची. मागच्या वर्षी काही तालुक्यांत या शब्दांवर कुटुंबांची नोंदणीही झाली होती. आता हे शब्द लोकांना कळतात का, ते जाऊन पाहायचं आणि अहवाल द्यायचा.

"म्हंजे लोकायले कळते का नाई ते लिवून घेतल्यावर पायता," शेंडेभाऊ म्हणाले.

मी पोह्यांचे पैसे दिले.

पोंभुर्ण्याच्या पुढचं गाव

पहिला मुक्काम पोंभुर्ण्याला. तिथून आत जंगलात एक गोंड वस्ती आहे, ती आमच्या यादीत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग पानं गाळून उभा होता. सावली म्हणून जीपची तेवढी. वस्तीत मात्र अंगणं इतकी स्वच्छ सारवलेली की चपला काढाव्यात की नाही, अशा विचारात मी कडेलाच उभी राहिले. एका बाईने बाज टाकली, द्रोणातून पिवळी टेंभरं आणून दिली. मऊ, गोड, आणि खाल्ल्यावर जिभेला जराशी ओढ लावणारी. बाहेरच्या मचाणासारख्या मांडवावर मोहफुलं वाळत होती आणि त्यांचा उग्र गोडसर वास सगळ्या वस्तीभर होता.

मी 'संमती'चा अर्ज वाचून दाखवला. आपली माहिती सरकारने संगणकात ठेवावी का, हो असेल तर चौकटीत खूण करा. गावातल्या सगळ्यांत वयस्क गृहस्थांनी अर्ज हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"हे एकट्यानं हो म्हनाचं काम नाई जी."

"दादा, तुमच्यापुरतंच म्हणायचं आहे."

"माह्यापुरतं काई नाई. सगळे बसू, बाया बी बसतीन. एकाचं बी मन नसन तं पुन्यांदा बसू. मंग सांगू."

"किती दिवस लागतील?"

त्यांनी मोहाच्या झाडांकडे पाहिलं. "मोह सरू द्या."

मी वहीत लिहिलं, 'संमती: वेळ लागतो.' पुण्याला आमच्या सोसायटीत जिना रंगवायचा ठराव पाच माणसांच्या सह्यांवर झाला होता आणि उरलेले एकोणीस जण अजून त्या हिरव्या रंगावरून भांडतात, ते मला आठवलं. पण अहवालात जिन्याला जागा नव्हती. जीपमध्ये बसल्यावर मी शेंडेभाऊंना म्हटलं की इथे एक अर्जही भरला गेला नाही. ते म्हणाले, "पर टेंभरं तं खाल्ली." दुपारी पंख्याचा पट्टा तुटला आणि आम्ही दोन तास एका बिनपानांच्या बेहड्याखाली बसलो. या दोन तासांत मी फारसं काही सुंदर पाहिलं नाही. ऊन पाहिलं.

सावली

सावली हे भाताच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. बांध्या, म्हणजे बांधाचे वाफे, कोरड्या पडलेल्या, त्यांच्यात ढेकळं आणि बगळे. नाव सावली असून मला तिथे ती कुठे सापडली नाही, हे शेंडेभाऊंना सांगितलं तर त्यांनी हा विनोद प्रत्येक पाहुणा करतो असं सांगून मला गप्प केलं.

तिथल्या संगणकाच्या खोलीबाहेर चपलांची रांग होती. आत एक संगणक, त्यावर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर हळदकुंकू. वीज चारला येणार होती. तोवर तिथल्या ऑपरेटर वनिताताई आणि मी ओल्या पंच्याने मान पुसत बसलो. पस्तिशीची, हुशार बाई. तिने डब्यातला भात आणि आंबाडीची भाजी माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः अर्ध्यावर भागवलं. मी नको म्हटलं, तर तिने ऐकलंच नाही.

वीज आल्यावर तिने याद्या दाखवायला घेतल्या. गावामागून गाव चाललं होतं. एका पानावर मी थांबले. डोंगाटोला. एकतीस घरं. त्यांतल्या एका नावापुढे 'निवासी', आणि खाली सलग तीस नावांपुढे 'बंद घर. स्थलांतरित.'

"हे गाव उठलं का कुठे?"

"कायचं उठते जी. ढिवरायचं गाव हाय, मासे धरनाऱ्यायचं. उनाळाभर नदीत जाऊन राह्यतेत, डांगरं लावतेत रेतीवर. पानी लागलं का वापस येतेत. नोंदणीवाले मागच्या वैशाखात गेलते, तं घरं बंद." ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, "मले बी ते चुकीचंच वाटलं होतं मॅडम. मी 'निवासी' भरून पायलं. पर घेत नाई ना हे. नोंदणीच्या दिवशी घरी होते का, नाई म्हनलं का आपोआप 'स्थलांतरित' होते. हे पाहा, खाली लिवलं बी हाय."

तिने 'निवासी कुटुंब' या शब्दावर बाण नेला आणि खाली पिवळी चौकट उघडली. 'नोंदणीच्या दिवशी त्या घरात राहत असलेले कुटुंब.'

ते वाक्य माझं होतं.

ते कसं झालं तेही मला लख्ख आठवत होतं. मूळ मजकूर लांब होता. 'सामान्यतः त्या घरात राहणारे कुटुंब, मग ते कामानिमित्त वर्षातील काही काळ बाहेर असले तरी.' संगणकवाले म्हणाले, चौकटीत दीड ओळच मावते. तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, मला बस पकडायची होती, आणि मी ती शेपूट छाटली. नेटकी झाली म्हणून समितीने वाखाणणीही केली. मी त्या दिवशी खुशीत घरी गेले होते. आता वनिताताईंच्या त्या तापलेल्या खोलीत मला इतकी लाज वाटली की मी पाणी मागितलं आणि ते पिता पिता तोंड लपवलं.

"आणि हे असं राहिलं तर काय होतं?" मी विचारलं.

"तलाव जाते ना. गावचा जुना तलाव हाय. निवासी मच्छीमार घरायचीच सोसायटी त्याले घेऊ शकते. आता यादीत एकच घर उरलं, तं सोसायटी मोडली. आखाडीच्या आंदी लिलाव होईन, मंग बाहेरचा ठेकेदार घेईन."

"त्यांच्याकडे रेशनकार्डं असतीलच की."

"सारी इथी जमा हायेत." तिने कोपऱ्यातल्या गोणपाटाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "नवे कार्ड संगणकातून निघतीन म्हनून घेतली. पर यादीत 'स्थलांतरित' हाय, तं नवे निघत नाई."

मी तिला ते वाक्य कुणाचं आहे ते सांगितलं नाही. उद्या डोंगाटोल्याला जायचं आहे, एवढंच म्हणाले.

डोंगाटोला

गाव नदीपासून मैलभर. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे नऊ होते आणि गावात खरोखरच कुणी नव्हतं. घरं मात्र टाकून दिलेली वाटत नव्हती. ओटे सारवलेले, दारांवर मागच्या सणाची तोरणं, कौलांवर उलटी वाळत टाकलेली जाळी. नोंदणीवाल्याने हे सगळं पाहिलंच असणार.

शेवटच्या घरापुढे लिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत बसले होते. नामदेवभाऊ. पूर्वी नदीवर डोंगा चालवायचे, पूल झाला तसं ते काम गेलं. एक पाय अधू, त्यामुळे तापलेल्या रेतीत चालवत नाही, म्हणून ते एकटे गावात राहतात. यादीतला एकुलता एक 'निवासी' तो हा. त्यांनी मला घरात नेलं. भिंतीवर खिळ्यांच्या दोन रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला एक चावी. काहींना लाल चिंधी, एकीला शिंपला, एकीला मोडक्या कंगव्याचा तुकडा.

"ह्या साऱ्या गावाच्या?"

"हो ना जी. नदीत जातांनी चावी माह्यापाशी ठुतेत. मी सांजचं एकेक घर उघडतो, दिवा लावतो, वाळवी पायतो, बंद करतो. त्याच्याबद्दल पयलं डांगर माह्यं. दर घरचं पयलं." ते हसले. "खाता खाता वैशाख सरते."

"आणि नोंदणीवाला आला तेव्हा?"

"मी म्हनलं, चाव्या हायेत, उघडून दाखवतो. चुलीत राख हाय, कनगीत धान हाय, पाहून घ्या. तो म्हने, उघडाचं नाई लागत, मानूस दिसला पायजे. मी म्हनलं, मानूस मैलभर हाय, चाल. तो म्हने, रेतीवर घर नंबर नाई." त्यांनी चाव्यांकडे पाहिलं. "आमच्याइथं, ज्या घराची चावी शेजाऱ्यापाशी हाय, त्या घराले बंद कोनी म्हनत नाई."

पुण्यात माझ्या दाराला तीन कुलपं आहेत. त्यांच्या चाव्या माझ्या पिशवीत होत्या. शेजारच्यांचं आडनाव मला माहीत आहे, नाव नाही. मी पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

नदीत उतरलो तो एक वेगळाच मुलूख होता. वैनगंगेचं पाणी एका कडेला सरकून बसलं होतं आणि उरलेल्या पात्रात लांबच लांब रेती. त्या रेतीत हिरव्या वेलांच्या ओळी, मधे पळसाच्या डहाळ्यांच्या झोपड्या, झोपड्यांपुढे चुली, दोरीवर लुगडी. काकड्या, डांगरं, टरबुजं. पूर ओसरला की दरवर्षी रेती नवी असते, म्हणून दरवर्षी दोरी टाकून नव्याने वाटे पाडतात आणि चिठ्ठ्या काढतात. मागच्या वर्षीचा वाटा कुणाचा होता, हे यंदा कुणी बोलायचं नाही, असा दंडक. माझ्या चपलेचा तळ अर्ध्या वाटेत सुटला. उरलेली वाट मी एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायाला पंचा गुंडाळून चालले. तळव्याला दोन फोड आले. शेंडेभाऊंनी आपली चप्पल देऊ केली, पण ती मला चार बोटं मोठी होती.

सगुणाबाई सोसायटीची सचिव. पन्नाशीची, अंगाने वाळकी, आवाज खणखणीत. नवरा नाही, मुलगी चंद्रपूरला दिलेली. तिने आधी माझा पाय पाहिला, काकडीचा काप चोळला, मग डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, फोडलं. आत केशरी गर, तो उन्हात तापून कोमट झालेला, आणि तरी असं डांगर मी आजवर खाल्लं नव्हतं. मग भात आणि वाळक्या झिंग्यांची आमटी. मी ताट चाटून पुसून खाल्लं. एवढी भूक मला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

खाणं झाल्यावर ती म्हणाली, "आता सांगा बाई, कायले आल्या? तलावाचं सांगाले आल्या असान तं सांगून टाका."

"शब्द विचारायला आले होते." मग मी वही मिटली. "सगुणाबाई, ती नोंद ज्या व्याख्येमुळे अशी झाली ना, ती मी लिहिली. त्यात बाहेर गेलेल्या लोकांचं एक वाक्य होतं. ते मी काढलं."

"काऊन काढलं?"

"जागा नव्हती."

तिने झोपडीबाहेर नजर टाकली. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत रेती होती. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि तिने ते म्हटलं नाही याचं मला जास्त लागलं.

"आमी आठ महिने तिथं राह्यतो बाई," ती शांतपणे म्हणाली. "चार महिने इथी. माह्या सासूची सासू बी अशीच राह्यली. तलावाले मुरूम आमी टाकतो, गाळ आमी काढतो, बीज आमी सोडतो. तलाव गेला तं पानकळ्यात खाचं काय? रेती तं बुडून जाते."

"मी दुरुस्त करते."

"तुमीच लिवलं, तं तुमीच खोडा ना. आत्ताच खोडा."

पेन माझ्या हातात होतं. पण ते वाक्य आता कागदावर नव्हतं, आणि हे तिला समजावून सांगताना माझी सगळी चौसष्ट संज्ञांची मराठी मला पुरली नाही. शेवटी मी म्हणाले, "इथून नाही खोडता येत." तिने मान हलवली. मला जाताना तिने एक डांगर दिलं, नामदेवभाऊंसाठी एक.

गडचिरोली

शुद्धिपत्र नावाची एक चीज आमच्या कचेरीत असते. अनुवादात चूक सापडली की माझ्या हुद्द्याचा माणूस आपल्या सहीने ते काढू शकतो. तीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या चुकांची पुष्कळ काढली. सावलीत वीज नव्हती म्हणून फॅक्स करायला नदी ओलांडून गडचिरोलीला जावं लागलं. तिथे एसटीडी बूथच्या बाकड्यावर बसून मी लिहिलं: 'निवासी कुटुंब या संज्ञेची व्याख्या करताना अनुवादकाने मूळ मजकुरातील आवश्यक भाग वगळला. ही चूक अनुवादकाची आहे.' खाली माझं नाव. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या बाईने स्वतःविरुद्ध असा कागद करावा, हे बूथवाल्याला विशेष वाटलं नाही. त्याने पानांचे पैसे घेतले आणि कागद यंत्रात सरकवला.

उत्तराला दीड दिवस लागला. तेवढ्यात मी गडचिरोली पाहिली, म्हणजे लॉजच्या खिडकीतून जेवढी दिसली तेवढी. बाजारात तेंदूपत्त्याच्या दोऱ्या, बांबूच्या टोपल्या, एका हातगाडीवर उकडलेले चणे. तळव्याच्या फोडांमुळे मी फार हिंडले नाही. चण्यांबरोबर कच्च्या आंब्याच्या फोडी देतात, ते फार छान लागतं. मी तीनदा जाऊन खाल्ले. बाकी वेळ पलंगावर पडून पंख्याकडे पाहत, आपण आयुष्यात आणखी कुठेकुठे काय छाटलं असेल याची आठवण काढत होते. काही आठवलं. बरंचसं आठवलं नाही, आणि तेच जास्त बोचत राहिलं.

फॅक्स आला. शुद्धिपत्र मंजूर. सुधारित व्याख्या पुढच्या नोंदणीपासून लागू. चालू यादी गोठवलेली आहे. अपवाद म्हणून, ज्या कुटुंबाकडे या वर्षाचा वास्तव्याचा शासकीय पुरावा असेल, त्याची नोंद तालुक्यात करता येईल. शेवटी एक ओळ, 'चुकीबाबत आपला खुलासा आठ दिवसांत सादर करावा.' खुलासा मी तिथेच लिहून टाकला. 'घाई झाली.'

पुन्हा रेतीवर

परतताना मी शेंडेभाऊंना जीप पुन्हा डोंगाटोल्याकडे वळवायला लावली. त्यांनी बाजारातून माझ्यासाठी रबरी चपला आणल्या होत्या. पैसे घेतले नाहीत.

सगुणाबाई वेलांना पाणी घालत होती. आसपासच्या झोपड्यांतून आणखी चार-पाच बाया आल्या. मी फॅक्स वाचून दाखवला, मग साध्या शब्दांत सांगितलं. पुढच्या नोंदणीत तुमची नावं लागतील. या वर्षी नाही, पुरावा असेल तर लागेल.

"पुरावा कायचा?"

"सरकारी कागद हवा. या सालचा. त्यावर तुमचं नाव आणि डोंगाटोल्याला राहता असं लिहिलेलं."

"कार्ड तं तुमीच घेतली."

"हो."

"वोट टाकतो, ते चालत नाई?"

"नाही म्हणतात."

तिने लोटा रेतीत टेकवला. "म्हंजे बाई, पुढच्या सालापासून आमी रहिवासी. न् या साली आपल्याच तलावात चोर."

मी "माफ करा" म्हणाले. त्या बायांपैकी एकीने मान डोलावली, दुसरी वेलांकडे परत गेली. सगुणाबाईने माझ्या नव्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं, घेतल्या. पायाले हळद लावा." नावेच्या काठीवर टेकून नामदेवभाऊ गावाच्या वेशीपर्यंत आले होते. त्यांनी माझा पत्ता एका चिठोऱ्यावर लिहून घेतला. चौथी शिकलेत, अक्षर माझ्यापेक्षा बरं.

पुणे

परत आल्यावर मी अहवाल लिहिला. लांब लिहिला, काही छाटलं नाही. समितीने तो 'सविस्तर' आहे असं म्हणून ठेवून घेतला. पाऊस लागला, घराचं छत गळलं, सत्कारासाठी ब्लाउज शिवून घेतला, आणि ऑगस्टात माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात टपालाने एक पाकीट आलं. आत नामदेवभाऊंचं पत्र आणि एका पंचनाम्याची नक्कल.

तलाव लिलावात गेला होता. ठेकेदाराने पहारा बसवला होता. पहिल्या मोठ्या पावसानंतर सगुणाबाई भरदिवसा, सगळ्यांसमोर, जाळं घेऊन तलावात उतरली. पहारेकऱ्यांनी तिला धरलं आणि पोलिसांना बोलावलं. दोन मरळ आणि जाळं जप्त. पंचनामा सुवाच्य होता. 'सगुणाबाई, वय अंदाजे पन्नास, धंदा मासेमारी, राहणार मौजे डोंगाटोला, तालुका सावली.' खाली सही, शिक्का, तारीख. मी ती ओळ चष्मा पुसून पुन्हा वाचली.

पत्रात नामदेवभाऊंनी लिहिलं होतं:

"बाईंस नमस्कार. सोबतची नक्कल मी सावलीले नेली. वनिताताईनं पाह्यली न् म्हनली का हा सरकारी कागद हाय, या सालचा हाय, न् याच्यावर राहणार लिवलं हाय. तिनं संगणकात टाकली, तं त्यानं घेतली. सगुणाबाईचं नाव लागलं. आता आमी दोन घरं निवासी झालो. बाकीची एकोणतीस घरं विचारून राह्यली का आमीबी चोरी करावी काय. एकेकानं उतरावं का सगळ्यायनं संगंच उतरावं, ते तुमी कळवा. तुमी सांगसान तसं करू. तलावात पानी चांगलं हाय."